लहान गावाचा इतिहास

मंडळी, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात बीबी नावाचे गाव आहे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नाव सापडायचे नाही. मग या गावाला इतिहासच नाही, असे म्हणायचे का? तसे म्हणण्याआधी जरा गावाच्या शिवेवर उभे राहून चहूकडे नजर टाकू या.

एका अंगाला सिंदखेडराजा. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला तो तिथल्या लखुजीराव जाधवांच्या वाड्यात. १६२९ साली दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजीरावांची दगा देऊन हत्या झाली. त्यांचे दोन पुत्र आणि एक नातूही तिथेच मारले गेले. लखुजीरावांची भव्य घुमटाची समाधी आजही सिंदखेडास उभी आहे. पण नुसती समाधी पाहून परतू नका, बरं का! मोती तलाव पाहा, चांदणी तलाव पाहा, पुतळा बारव पाहा. ज्याला रयत नांदवायची, त्याला आधी पाणी अडवावे लागते. ही गोष्ट त्या काळच्या माणसांना पक्की ठाऊक होती.

दुसऱ्या अंगाला लोणार. आकाशातून उल्का येऊन काळ्या कातळावर आदळली आणि हे प्रचंड विवर झाले. आपल्या पूर्वजांनी त्याची कथा लवणासुराच्या वधाशी जोडली आणि गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर उभे केले. सरोवराच्या खारट पाण्यातल्या क्षारांचा उपयोग काच आणि साबण करण्याकडे होई. अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त त्याचा उल्लेख आहे. २०२० साली या सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. नवरात्रात सरोवराकाठच्या कमळजा देवीची यात्रा भरते, तेव्हा आसपासच्या खेड्यांतली माणसे विवराची वाट उतरू लागतात.

तिसरे मेहकर. तिथे १८८८ साली जमिनीतून शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची, दहा फुटांहून उंच अशी मूर्ती निघाली. ती आजही मेहकरातच पुजली जाते.

आता राज्यकर्त्यांचे पाहा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने गेला. स्वातंत्र्यानंतर आपण मध्य प्रदेशात होतो, १९५६ साली मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. कागदावरची राजवट बदलली, राजधानी बदलली. मृगाची वाट पाहणारा शेतकरी तोच राहिला.

त्याचा इतिहास त्याच्या सणांत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या रंगतात. त्या झडत्यांत गावातला मानकरी, सावकार, पाऊसपाणी, सगळ्यांची थट्टा असते. भाद्रपदात मुली भुलाबाई मांडतात. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून पीकपाण्याचा अंदाज बांधतात. तो खरा ठरतो की नाही, हा प्रश्न निराळा. पण कोणकोणती धान्ये घटाभोवती मांडली जातात हे पाहिले, तर या मातीत काय पिकत आले ते कळते. आज बैलांच्या जोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. पण ज्या आजोबाला झडत्या पाठ आहेत, तो गेला की त्या झडत्याही जाणार.

दूरच्या स्पेन देशात पुष्कळ लहानशी खेडी आपला तीन-चारशे वर्षांचा इतिहास सांगू शकतात. तो कशाच्या जोरावर? वहीच्या! १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि लग्ने यांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला आणि खेड्यातला पाद्री ती वही लिहीत गेला. राजा गेला, वही राहिली.

आपल्याकडेही वह्या आहेत. जन्ममृत्यूचे कोतवाल बुक आहे, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आहे, घरोघरी पेटीच्या तळाशी मोडी कागद आहेत. पण त्यांना वाळवी लागते, पावसाने ते भिजतात, आणि मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. बारवेचे दगड पायरीला लागतात, वीरगळावर नवा रंग चढतो. असा ठेवा एकदा गेला, की कितीही पैसे टाकले तरी परत मिळत नाही.

तेव्हा गुरुजींना माझे सांगणे आहे. सरकारची वाट न पाहता शाळेत एक जाड वही घाला. पहिल्या पानावर गावच्या शिवाराची नावे लिहा. प्रत्येक वावराला, ओढ्याला, टेकाडाला नाव असते, आणि नावाला कारण असते. मग मुलांना म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. विहीर कोणी खणली, दुष्काळात काय खाल्ले, कोणत्या सणाला कोणाचा मान आणि कोणाला तो नाकारला गेला, हेही विचारा. अप्रिय वाटले म्हणून गाळू नका. जे गाळले ते पुढच्या पिढीला कळणार नाही. ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणूनच लिहा, आणि सांगणाऱ्याचे वय व लिहिल्याची तारीख टाका.

आणि शेतकरी बंधूंनो, नांगराच्या फाळाला कोरीव दगड लागला, तर तो फोडू नका, बांधावरही लोटून देऊ नका. आधी गुरुजींना बोलवा.