मेंदूचं ट्रोपोनिन

छातीत कळ आली की हृदयाचं प्रथिन ट्रोपोनिन तपासायला पाठवायचं, हे आता तालुक्याच्या लॅबमधल्या नव्या पोरालाही ठाऊक असतं. पक्षाघाताच्या रुग्णाचे नातेवाईक मात्र काउंटरवर हटकून विचारत, "साहेब, याची काही रक्ताची तपासणी नसते का?" माझी हयात लॅबमध्ये गेली. माझं उत्तर ठरलेलं: आहे, पण तुमच्या कामाची नाही.

ती आली कुठून, हे मजेशीर आहे. १९६५ साली अमेरिकेत सेंट लुईसला ब्लेक मूर गुरांच्या मेंदूतली प्रथिनं वेगळी करत होता. अमोनियम सल्फेटचं द्रावण शंभर टक्के संपृक्त केलं तरी एक प्रथिन काही तळाशी बसेना. त्याचं नाव पडलं एस-१००. त्याच प्रयोगशाळेत सापडलेलं आणखी एक प्रथिन पुढे एनएसई म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ही मेंदूची खास प्रथिनं; तेव्हा पेशी मेल्या की ती रक्तात उतरणार आणि आपण ती मोजणार, असा सरळ हिशेब होता.

हिशेब फसला तो आमच्या टेबलावर. एनएसई तांबड्या पेशींतही असतं. बारीक सुईने घाईत रक्त ओढलं, नळी जोरात हलवली की पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचं सीरम गवती पिवळं दिसायच्या ऐवजी गुलाबी दिसतं. अशा नमुन्यात एनएसई वाढलेलंच येणार, मग मेंदू ठणठणीत का असेना. एस-१००च्या बी प्रकाराची, म्हणजे एस-१००बीची, तऱ्हा वेगळी. ते चरबीच्या पेशींतही सापडतं आणि पक्षाघातात त्याचा आकडा शिगेला पोहोचतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं साडेचार तासांत. मग परवाचा आकडा घेऊन काय करायचं?

खरी आशा दाखवली मेंदूतल्या जीएफएपी या प्रथिनाने. मेंदूत रक्तस्राव झाला की पेशी तडकाफडकी फुटतात आणि हे प्रथिन लगेच रक्तात येतं. गुठळीने रक्तपुरवठा तुटला तर पेशी हळूहळू मरतात, त्यामुळे ते उशिरा चढतं. हा फरक पकडून रक्तस्राव ओळखता येईल, असं फ्रँकफर्टच्या फर्श आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलं. मला ही कल्पना आजही सगळ्यांत हुशारीची वाटते. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्येही पक्षाघाताची खूण म्हणून आयटीआयएच४ या प्रथिनावर काम झालं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

२०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या प्रथिनांच्या जोडीच्या तपासणीला मान्यता दिली, तीही डोक्याला मार लागलेल्या प्रौढांसाठी, सीटी करायचा की नाही ते ठरवायला. पक्षाघातासाठी नव्हे.

म्हणजे १९७१ साली लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाचा मेंदू दाखवला, तोच मार्ग अजून पहिला. तेव्हा तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली तर माझ्यासारख्याच्या लॅबमध्ये आधी रक्त द्यायला थांबू नका. सीटीची सोय असलेलं रुग्णालय गाठा, आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना सांगा.