हँडल, बंब आणि सिल्व्हर घोस्ट

आमच्या घरात मोटार नव्हती, पण मोटारीच्या गोष्टींना तोटा नव्हता. आजोबांचे थोरले बंधू, आमचे मोठे आजोबा, देवळालीत एका पारशी शेटकडे ड्रायव्हर होते. मुंबईची पारशी मंडळी हवापालटाला देवळालीत येत; काहींचे बंगलेच होते तिथे. शेटची शेव्हरले मोठ्या आजोबांच्या ताब्यात असे. ती थेट अमेरिकेहून बोटीने आली, असं ते ठासून सांगत. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी करत होती, पेट्यांतून भाग यायचे आणि गाडी इथे उभी राहायची, हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. त्यांच्या हयातीत कळलं असतं, तरी मी बोललो नसतो.

त्यांच्या गोष्टींतला खलनायक ठरलेला असे, तो म्हणजे कसाऱ्याचा घाट. मुंबईहून येताना निम्म्या चढावर रेडिएटर उकळायला लागायचा. मग बोनेट उघडायचं, चाकामागे दगड लावायचा आणि वाफ निवेपर्यंत शेटला झाडाखाली बसवायचं. बंपरला टांगलेल्या कॅनव्हासच्या छागलीतलं गार पाणी आधी शेटला की आधी गाडीला, हा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते दर वेळी वेगळं सांगत. सकाळी हँडल मारताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हा धडा मात्र कधी बदलला नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट गेलंच म्हणायचं. एवढं सांगून ते आम्हाला कुणाचं तरी वाकडं मनगट साभिनय दाखवत.

आमचे आजोबा यावर कुरघोडी करायचे ती ट्रामने. नाशिकरोड स्टेशनपासून मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत एके काळी ट्राम होती हे आज सांगितलं तर नाशिककरच हसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सुरू झाली. आधी घोडे ओढत, मग इंजिन आलं, आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सगळंच बंद पडलं. चालत्या ट्राममधून उतरायचं, बोरं वेचायची आणि धावत जाऊन पुन्हा चढायचं, असं आजोबा सांगत. जिथे जिथे हळू गाडी होती तिथे तिथे ही गोष्ट आहे. बार्शी लाइटच्या गावांतही मी ती जशीच्या तशी ऐकली आहे. तरी आजोबांची बोरं मी खरी धरतो.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि मोठ्या आजोबांच्या शेव्हरलेच्या पाठीवर कोळशाच्या गॅसचा प्लँट बसला. न्हाणीघरातल्या बंबाचाच मोठा भाऊ. लोणारी कोळसा पेटवायचा, गॅस धरेपर्यंत पंखा फिरवायचा आणि मग निघायचं. ताकद इतकी कमी की चढावर शेटसुद्धा खाली उतरे. मोठ्या आजोबांनी तो काळ कधी हलाखीचा म्हणून सांगितला नाही. उलट त्यांचा चेहरा तेव्हा सगळ्यात खुलायचा, कारण गाडी चालणं सर्वस्वी त्यांच्या हातात होतं. कंपनीच्या पुस्तकात त्या बंबाचं पान नव्हतं.

युद्ध संपलं, पण टंचाई संपली नाही. देशातच गाड्या पूर्ण बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनाच इथे काम करता येईल, असं धोरण १९५३ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने शिवडीचा गाशा गुंडाळला. मग उरले कोण, तर कुर्ल्याची प्रीमियर, कलकत्त्याची हिंदुस्तान, मद्रासची स्टँडर्ड आणि जीप बनवणारे महिंद्र. नव्या गाडीला वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, आणि जुन्या अमेरिकन गाडीला सुटा भाग नाही. तेव्हा मिस्त्रीलोकांनी जे केलं त्यावर कुणीतरी ग्रंथ लिहायला हवा. डॉजमध्ये पर्किन्सचं डिझेल इंजिन, एका गाडीचा गिअरबॉक्स दुसरीला, पिस्टन खरादावर घडवलेले. जुन्या गाड्या आपल्याकडे टिकल्या त्या प्रेमापेक्षा नाइलाजाने, असं माझं मत आहे. शौकिनांना ते रुचत नाही.

हे शौकीन मला भेटले ते अलीकडे. एक दंतवैद्य, त्यांच्याकडे डुक्कर फियाट. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर, ज्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणतात. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, पण सगळ्यांच्या गाड्या त्यांच्याच. आणि निफाडकडचा एक द्राक्षबागायतदार, आजोबांनी साठच्या दशकात घेतलेली जीप अजून दामटणारा. नाशिकहून जवळ म्हणावं असं जुन्या गाड्यांचं खरं संग्रहालय म्हणजे अहिल्यानगरचं, म्हणजे जुन्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय. तिथे आम्ही निघालो. सिन्नर, शिर्डी, राहुरी असा रस्ता. फियाट राहात्याला पेरूच्या टोपल्यांपाशी तापून थांबली, आणि मिस्त्रींना मोठ्या आजोबांची छागल सांगायला मला निमित्त मिळालं.

लष्कराच्या चिलखती दलाने १९९४ मध्ये हे संग्रहालय उभं केलं. १९६५ च्या युद्धात पकडलेले पॅटन, इंग्रजांचे चर्चिल आणि माटिल्डा, आवडीला बनलेला आपला विजयंता, सगळी धुडं एका आवारात. पण आम्ही गेलो होतो ते रोल्स-रॉइससाठी. राजेमहाराजांनी मिरवली त्याच सिल्व्हर घोस्टच्या चेसीवर पहिल्या महायुद्धात पोलादी कवच आणि फिरतं बुरूजघर बसवून चिलखती गाड्या केल्या गेल्या. त्या इकडे वायव्य सरहद्दीवरही धावल्या, आणि त्यांतली एक इथे उभी आहे. दंतवैद्य तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिले. मिस्त्री मात्र खाली वाकून स्प्रिंगांचे पाटे मोजत होते. एवढं वजन मूळच्या पाट्यांवर पेलणारच नाही, वाढवले असणार, असं त्यांचं म्हणणं.

तिथेच वाद पेटला. सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नोंदणीला वीस हजार रुपये, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. दंतवैद्यांना ही अट अगदी रास्त वाटते. त्यांनी फियाटच्या एका मूळ दिव्यासाठी तीन शहरांचे भंगारबाजार पालथे घातले आहेत.

"मग ही?" मिस्त्रींनी रोल्सच्या चिलखतावर बोट ठेवलं. "हिची बॉडी कुठं मूळची आहे? शेटची गाडी होती, फौजेनं पत्रा ठोकला."

"तो इतिहास आहे," दंतवैद्य म्हणाले.

"आणि आमच्या लोकांनी डॉजमध्ये पर्किन्स टाकलं, तो काय मग?"

मी मिस्त्रींच्या बाजूचा. बंब लावलेली शेव्हरले आज कुठे मिळाली असती, तर शिवडीहून निघालेल्या कोऱ्या गाडीपेक्षा मी तीच आधी पाहायला गेलो असतो. पण नियमाच्या लेखी ती बाद.

बागायतदार इतका वेळ गप्प होता. त्याच्या जीपमध्ये वडिलांनीच डिझेल इंजिन टाकलेलं. तिला व्हीए मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं. दंतवैद्य त्याची समजूत घालू लागले की मूळ पेट्रोल इंजिन शोधू, खर्च येईल, पण होईल.

"आणि मग ती फक्त रॅलीला न् प्रदर्शनाला काढायची," तो म्हणाला, "रोजच्या कामाला नाही. वाचलाय मी नियम. डॉक्टर, मग माझ्या द्राक्षांचे क्रेट काय तुमच्या फियाटमध्ये भरू?"