एक्कावन्न विहिरींची वाट

वाळवंटातून सायकलने जायचे असेल, तर निघण्यापूर्वी चार गोष्टींचा निकाल लावावा लागतो: ऋतू, चाक, शिधा आणि पाणी. पहिल्या तिहींची तजवीज ज्याची त्याला करता येते. चौथीची येत नाही. वाळवंटातले पाणी कुणीतरी आधी शोधलेले असते. ते कुणी शोधले आणि कोणत्या मोलाने, हे विचारल्यावाचून प्रवासाचा बेत पुरा होत नाही, असे माझे मत आहे. ज्या एका वाटेच्या इतिहासाने ते मत बनले, तिची हकीकत यंदा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

ही वाट पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे. दक्षिणेकडील विलुना गावापासून उत्तरेकडील हॉल्स क्रीकपर्यंत ती सुमारे 1,850 किलोमीटर जाते. मुंबईहून आगगाडीने दिल्ली गाठली, तरी एवढे अंतर होत नाही. मध्ये तीन वाळवंटे आणि नऊशेंच्यावर वाळूच्या टेकड्या. या टेकड्या वाटेला आडव्या पसरलेल्या असल्यामुळे प्रवाशाला एक चढून उतरावे, तो दुसरी समोर उभीच. वाटेचे नाव 'कॅनिंग स्टॉक रूट', म्हणजे कॅनिंगने आखलेली गुरांची वाट.

प्रथम ऋतू. शाळेत भूगोल शिकवताना मुलांना सर्वांत गंमत वाटते ती दक्षिण गोलार्धातल्या उलट्या ऋतूंची. आपल्याकडे आषाढसरी कोसळत असतात तेव्हा तिकडे हिवाळा असतो. त्या दिवसांत उन्हाचा ताप सोसण्याजोगा असतो, मात्र रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडू शकते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. म्हणून या वाटेचा बेत हिवाळ्याचाच धरतात.

आता चाक. सायकल आणि वाळवंट ही जोडी ऐकून पुष्कळांना हसू येईल. पण ती जुनी आहे. डनलॉपने हवेचा टायर 1888 साली बनवला आणि 1892 साली कूलगार्डीला सोने सापडले. त्या रुक्ष मुलखात घोड्याला दाणा हवा, चारा हवा, आणि पाणी तर विकत घ्यावे लागे. सायकल काहीच मागत नसे. जिथे तार पोचली नव्हती तिथे तातडीचे निरोप आणि टपाल सायकलस्वार नेऊ लागले. 1896 च्या नोव्हेंबरात, भर उन्हाळ्याच्या तोंडावर, आर्थर रिचर्डसन नावाचा सायकलस्वार थोडे सामान आणि पाण्याची एक पिशवी घेऊन कूलगार्डीहून निघाला आणि तारेच्या खांबांच्या आधाराने 31 दिवसांत ॲडलेडला पोचला.

या स्वारांना वाट मिळे ती उंटांची. उंटांच्या तांड्यांनी तुडवून घट्ट केलेल्या अरुंद पट्ट्यांवरून सायकल बरी चाले. उंट हा काही ऑस्ट्रेलियाचा प्राणी नव्हे. 1866 साली शंभरावर उंट कराचीहून जहाजाने तिकडे नेले, आणि त्यांच्याबरोबर ते हाकणारी माणसेही गेली. सिंध तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होता. या सर्वांना तिकडचे लोक सरसकट 'अफगाण' म्हणत. त्यांच्या उंटांनी खाणींना अन्न पुरवले, तारेचे सामान वाहिले आणि नकळत सायकलींना रस्ता करून दिला.

पुढे शंभर वर्षांनी सायकलीनेच उंटाचा पाय उचलला असे म्हणावेसे वाटते. उंटाचा तळवा पसरट असतो, म्हणून तो वाळूत रुतत नाही. त्याच न्यायाने जवळजवळ चार इंच रुंदीचे टायर निघाले. त्यांत हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे टायर जमिनीवर पसरतो आणि भार विभागला जातो. 2005 साली जेकब पोस्ट्रझिगाच याने अशा सायकलवरून, सोबत मोटार न घेता, कॅनिंगची वाट 33 दिवसांत पार केली. शिध्याचा प्रश्न त्याने तसाच सोडवला: लागेल ते स्वतः वाहून न्यायचे.

पण पाणी? एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. वाळवंटात राबणाऱ्या माणसाला दिवसाला आठ-दहा लिटर तरी हवे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अभ्यंगाला घंगाळभर ऊन पाणी अंगावर घेतो, तेवढ्यात तिकडे एकाचे दोन दिवस निघावेत. महिनाभराचे पाणी सायकलवर लादणे अशक्य. म्हणून बेत करणारा नकाशा उघडतो आणि त्यावरचे आकडे पाहतो: विहीर क्रमांक 1, क्रमांक 2, असे 51 पर्यंत. त्यांतल्या किती दुरुस्त आहेत आणि कितींचे नुसते खड्डे उरले आहेत, याची चौकशी करतो. येथवर सारे हिशेबाचे काम झाले. यापुढे इतिहास सुरू होतो.

गेल्या शतकाच्या आरंभी उत्तरेच्या पूर्व किंबर्ली भागात गुरे पुष्कळ होती. पण त्यांच्या अंगावर रोग पसरवणारी गोचीड होती, म्हणून त्यांना पश्चिमेच्या बंदरांची वाट बंद केली गेली. इकडे दक्षिणेच्या खाणींत मांसाला मोठा भाव. कोरड्या वाळवंटात गोचीड जगत नाही, तेव्हा गुरे वाळवंटातूनच आणावीत, अशी कल्पना 1905 साली निघाली. गुरांच्या एका दिवसाच्या चालीवर एक पाणवठा हवा. तो शोधण्याचे काम सरकारी भूमापक आल्फ्रेड कॅनिंगकडे आले. सशांना अडवण्यासाठी घातलेल्या प्रचंड कुंपणाची आखणी त्यानेच केली होती.

1906 च्या मे महिन्यात, म्हणजे हिवाळा धरूनच, कॅनिंग आठ माणसे, 23 उंट आणि दोन घोडे घेऊन विलुनाहून निघाला. त्याच्या सामानात माणसांच्या गळ्यांत घालायच्या साखळ्याही होत्या.

ते वाळवंट निर्जन नव्हते. मार्तू आणि इतर आदिवासी तेथे हजारो वर्षे राहत होते, आणि पाणी कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक होते. कधी न आटणाऱ्या जिवंत झऱ्याला त्या मुलखात 'जिला' म्हणतात आणि वाळू उकरली की लागणाऱ्या पाण्याला 'जुमू'. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात झरा खणून पाणी भरणाऱ्या आपल्या बायांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. कॅनिंगच्या आधी, 1896 साली, डेव्हिड कार्नेगी या प्रवाशाने आदिवासींना पकडून खारवलेले मांस खायला घातले होते. तहानेने कासावीस झाला की माणूस पाण्याकडे जाणारच, हा त्यातला हिशेब. कॅनिंगने माणसे पकडली, साखळीने बांधली आणि त्यांना पाणी दाखवायला लावले. हे काही गुपित राहिले नाही. त्याच्याच तुकडीतल्या स्वयंपाक्याने, एडवर्ड ब्लेकने, तक्रार केली. 1908 साली चौकशी आयोग बसला. साखळ्या वापरल्याचे कॅनिंगने नाकारले नाही, आणि तरीही आयोगाने त्याला दोषमुक्त केले.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून असेल, मला या साऱ्या प्रकरणात कॅनिंगपेक्षा तो स्वयंपाकी अधिक दिसतो. मालकाचे अन्न शिजवणाऱ्या माणसाने मालकाविरुद्ध उभे राहणे सोपे नसते. तो हरला, पण आज त्या साखळ्यांची हकीकत आपल्याला ठाऊक आहे, तिचे पुष्कळसे श्रेय त्याच्या तक्रारीला आहे.

त्याच वर्षी 70 उंट, सुमारे 100 टन सामान आणि अडीचशेंवर शेळ्या घेऊन कॅनिंग परतला, आणि 1910 पर्यंत विहिरी बांधून झाल्या. आदिवासींच्या झऱ्यांवर लाकडी चौकटी बसल्या. पाणी काढायला मोठी बादली आणि ती ओढायला उंट. ज्याच्याजवळ उंट नव्हता, त्याच्या डोळ्यांसमोर पाणी असून ते हाती येईना. 1911 साली पहिल्या गुराख्यांपैकी काही जण मारले गेले आणि पुढे कित्येक विहिरी मोडलेल्या आढळल्या. 1929 साली त्या दुरुस्त करायला विल्यम स्नेल गेला. त्याने पाहिले की ती जड बादली ओढणे आदिवासींच्या आवाक्यातले नाही आणि पाण्यासाठी आत उतरावे तर जिवाला धोका. त्याने काही विहिरींना शिड्या बसवल्या. एवढी साधी गोष्ट सुचायला वीस वर्षे लागली!

ज्या गुरांसाठी हा खटाटोप झाला, त्यांचा हिशेबही पाहावा. पहिल्या वीस वर्षांत या वाटेने गुरांचे जेमतेम आठ कळप गेले. 1959 साली शेवटचा कळप गेला आणि वाट ओस पडली. मग 1968 साली तीन भूमापकांनी मोटारी पार नेल्या, आणि हौशी प्रवाशांचा ओघ सुरू झाला.

वाटेवर एक खारे सरोवर लागते. 1897 साली फ्रँक हान हा प्रवासी ओढ्यांच्या मागोमाग गोड्या पाण्याच्या आशेने तेथे आला आणि मीठ पाहून त्याने त्याला 'निराशा सरोवर' असे नाव दिले. तेथल्या लोकांची निराशा कधी झाली नव्हती. पाणी कुठे नाही, हेही त्यांना ठाऊक होते. 2020 साली त्या सरोवराला त्यांचे कुंपुपिंटिल हे नाव अधिकृतपणे परत मिळाले. त्याआधी 2010 साली कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात याच वाटेवरच्या आदिवासी चित्रकारांचे प्रदर्शन भरले होते. त्याचे नाव 'यिवारा कुजू', म्हणजे 'एकच वाट'. त्या चित्रांत झरे होते, पूर्वज होते, आणि गुरांची वाट ही अनेक वाटांपैकी फक्त एक होती.

आज त्या मुलखाचे मूळ मालकीहक्क न्यायालयांनी मानले आहेत आणि प्रवाशाला मालकांचा परवाना घ्यावा लागतो. काहींना तो कटकटीचा कागद वाटतो. मला तर तो बेताचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. परक्याच्या अंगणातल्या आडावर घागर बुडवण्यापूर्वी आपण हाक मारतोच ना? विहीर क्रमांक 33 ला कुनावारित्जी म्हणतात. तेथे आज वस्ती आहे, माणसे आहेत. सायकलस्वाराने चाक, शिधा आणि ऋतू यांची टिपणे करताना त्या 33 आकड्याशेजारी हे नावही लिहून घ्यावे, आणि तेथे पोचल्यावर पाणी मागून घ्यावे.