‘...आणि इंधन संपतंय, सर’

25 जानेवारी 1990. सगळ्या वेळा न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे.

दुपारी 3.08 : कोलंबियातल्या मेडेलीनहून एव्हियांका कंपनीचं बोइंग 707 न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे निघालं. फ्लाइट क्रमांक 52, आत 149 प्रवासी आणि 9 कर्मचारी. कॅप्टनचं इंग्रजी बेताचं, म्हणून रेडिओवर बोलायचं ते फर्स्ट ऑफिसरनं. कॉकपिटमधला कारभार स्पॅनिशमध्ये.

संध्याकाळी 7.04 : केनेडीवर ढग खाली आलेले, वारा बेभरवशाचा, विमानांची रांग लागलेली. नॉर्फोकजवळ 19 मिनिटं घिरट्या. मग अटलांटिक सिटीजवळ 29 मिनिटं, आणि केनेडीच्या दक्षिणेला आणखी 29. वाटेत हवामानाची ताजी माहिती मागितल्याची नोंद नाही. ठरलेला पर्यायी विमानतळ बोस्टन. तिथली हवाही उतरण्याजोगी राहिलेली नव्हती.

रात्री 8.44 : नियंत्रकानं सांगितलं, 9.05 पर्यंत थांबा. फर्स्ट ऑफिसर म्हणाला, “मला वाटतं आम्हाला प्रायॉरिटी हवी.” किती वेळ थांबू शकाल? पाच मिनिटं. बोस्टनचं काय? “आता नाही जमणार, इंधन संपेल.”

इतकं स्पष्ट सांगितल्यावर घोडं अडलं कुठं? विमान पुढच्या नियंत्रण कक्षाकडे सोपवताना ‘पाच मिनिटं थांबू शकतात’ एवढंच गेलं. बोस्टन आणि इंधन मागेच राहिलं. शिवाय अमेरिकी नियंत्रकांच्या पुस्तकात ‘इमर्जन्सी’ आणि ‘मिनिमम फ्युएल’ यांना अर्थ होता. ‘प्रायॉरिटी’नं कोणतीही चक्रं फिरत नव्हती. वैमानिकानं मात्र हा शब्द मनानं काढला असेल असं नाही. इंधन फारच कमी असेल तर नियंत्रकाकडे प्रायॉरिटी मागा, असं बोइंगच्याच परिपत्रकात लिहिलेलं होतं.

9.23 : उतरण्याचा पहिला प्रयत्न. “मोठ्यानं सांग, मला ऐकू येत नाही,” असं कॅप्टन त्याआधीच म्हणून चुकला होता. सुमारे 500 फुटांवर वाऱ्यानं विमान खाली दाबलं, जमीन जवळ आल्याचे इशारे वाजू लागले. “धावपट्टी कुठंय?” दोघांनाही दिसेना. विमान पुन्हा वर घेतलं.

आता कॅप्टन म्हणाला, “त्यांना सांग, आपण इमर्जन्सीत आहोत.” फर्स्ट ऑफिसर रेडिओवर बोलला : बरोबर, 180 ची दिशा, पुन्हा प्रयत्न करतो, आणि इंधन संपतंय. टॉवर म्हणाला, ओके. कॅप्टननं विचारलं, सांगितलंस का? “हो सर, सांगितलं.”

9.25 : नवा नियंत्रक, तीन हजार फुटांवर जा म्हणाला. कॅप्टन : सांग, इंधन नाही. फर्स्ट ऑफिसर : तीन हजार फूट, आणि इंधन संपतंय, सर. उत्तर आलं, ओके, 080 ची दिशा घ्या.

दोन्ही वेळा इंधन आलं ते दिशा आणि उंचीच्या शेपटीला बांधून. ‘इमर्जन्सी’ हा शब्द रेडिओवर आलाच नाही. त्या वेळी नियंत्रकांनी शेपटी सोडून दिली, दिशा-उंचीची उजळणी तेवढी बरोबर होती. रेडिओवर खोटं मात्र कुणीच बोलत नव्हतं. मला या सगळ्यात सर्वांत खटकतं ते कॅप्टनला दिलेलं ‘सांगितलं’.

9.26 : “तुम्हाला 15 मैल ईशान्येला नेऊन वळवतो. तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना?” नियंत्रकानं इंधनाचं नाव घेऊन विचारलेला थेट प्रश्न. उत्तर : “चालेल असं वाटतं. थँक यू व्हेरी मच.” काय म्हणाला तो, असं कॅप्टननं विचारलं. फ्लाइट इंजिनिअर म्हणाला, “तो चिडलाय.” नियंत्रकाचा प्रश्न कॉकपिटमध्ये पोहोचला तो असा. नाही म्हणायची संधी एका ‘थँक यू’त गेली.

9.30 : पुन्हा तीन हजारांवर जायला सांगितलं. “नाही सर, इंधन संपतंय... ओके, तीन हजार, ओके.”

9.32 : फ्लाइट इंजिनिअर ओरडला, चार नंबरचं इंजिन बंद, मग तीन नंबरचं. फर्स्ट ऑफिसर रेडिओवर : “दोन इंजिनं गेली, आम्हाला प्रायॉरिटी हवी, प्लीज.” नियंत्रकानं पुन्हा दिशा दिली.

9.34 : लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावातल्या टेकडीवर विमान आदळलं. आग लागली नाही. जळायला काही उरलंच नव्हतं. 73 जण गेले, कॉकपिटमधले तिघंही धरून. 85 वाचले.

अमेरिकी चौकशी मंडळानं मुख्य ठपका क्रूवर ठेवला : इंधनाचं नियोजन चुकलं आणि ते संपायच्या आत आणीबाणी कळवली नाही. 2012 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत यासाठी दोन ठरलेले इशारे आले. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आणखी उशीर झाला तर अडचण. त्यानं रांगेतला नंबर पुढे सरकत नाही. तो सरकवायचा तर तीनदा ‘मेडे’ म्हणून ‘फ्युएल’ म्हणावं लागतं.