तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील अपरिचित स्थळे

मामल्लपुरम आणि रामेश्वरम येथे पर्यटकांची नेहमीच वर्दळ असते. मात्र या दोहोंमधील किनाऱ्यावरील काही महत्त्वाची स्थळे आजही उपेक्षित आहेत.

तरंगमबाडी : येथे डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी १६२० मध्ये वसाहत स्थापून डान्सबोर्ग किल्ला उभारला. १८४५ मध्ये ही वसाहत इंग्रजांना विकण्यात आली. किल्ल्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. जवळच्या प्राचीन मासिलामणीनाथ मंदिराचा बराचसा भाग मात्र समुद्राने गिळंकृत केला आहे.

पिचावरम : चिदंबरमजवळील हे विस्तीर्ण खारफुटीचे वन होडीतून पाहता येते. २००४ च्या सुनामीत या वनामुळे त्यामागील गावांची हानी कमी झाली.

मनोरा : तंजावर जिल्ह्यात मल्लिपट्टणमजवळ समुद्रकाठी उभा असलेला हा आठमजली, षटकोनी मनोरा मराठी पर्यटकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी १८१४ च्या सुमारास तो बांधला.

या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि चक्रीवादळांचा धोकाही तेव्हाच असतो. त्यामुळे जानेवारी व फेब्रुवारी हे महिने प्रवासास उत्तम होत.