नडगीवर हातोडा
शर्ट काढा, टेबलावर बसा, पाठ वाकवा आणि हनुवटी छातीला टेकवा. आज तुम्ही डॉ. हिल्डेब्रांट. जर्मनीतल्या कील बंदराच्या सर्जिकल हॉस्पिटलातले असिस्टंट. ऑगस्ट १८९८, संध्याकाळचे साडेसात. कार्बॉलिकच्या वासाने नाक चुरचुरतंय आणि उघड्या पाठीवर घाम आलाय.

सुई घेऊन मागे उभे आहेत प्रोफेसर ऑगस्ट बीर. मघाशी पाठ त्यांची होती आणि सुई तुमच्या हातात. सुई नेमकी लागली, पण सिरिंज काही तिच्यावर बसेना. तुमची खटपट चालू, तोवर सरांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी गळतंय आणि कोकेनही बरंचसं बाहेरच सांडलं. शेवटी तुम्हीच म्हणालात, ‘माझ्यावर करून बघा.’

क्लोरोफॉर्मने गेलेला पेशंट कधी कधी परत येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. पाठीत कोकेन दिलं तर माणूस जागा असताना पायाचं ऑपरेशन होतं, हे सरांनी याच महिन्यात पाहिलंय. पण नंतर पेशंटना उलट्या होतात, डोकं ठणकतं. ते का, हे सरांना स्वतःच्याच अंगावर बघायचंय.

हं, गेली सुई. हलू नका! अर्धा सीसी, एक टक्क्याचं कोकेन. पायांत ऊब उतरते आणि मग पाय कुणा दुसऱ्याचेच होतात.

आता सर कामाला लागतात. मांडीला छोटा छेद देतात, तुम्हाला नुसता दाब कळतो. दातेरी चिमट्याने कातडी पिरगाळतात. पेटती सिगार पायाला टेकवतात. जळक्या केसांचा वास येतो, गरम लागतं, पण चटका नाही. तेविसाव्या मिनिटाला लोखंडी हातोडा नडगीवर. ठक्! आवाज तुम्ही ऐकता, बाकी काही नाही. याशिवाय काय काय उपटलं आणि ओढलं, ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही. सर मात्र ते छापणार आहेत, मिनिटासकट. शास्त्राला लाज नसते आणि असिस्टंटला सोय नसते.

पाऊण तासाने पाय परत तुमचे होऊ लागतात. दोघं खूश! जेवण, वाइन, वर सिगारी. (बिचाऱ्या पायाला सिगारचा वास कसा वाटत असेल?)

रात्री बाराच्या सुमाराला उलटी होते. डोक्यात घण पडायला लागतात. सकाळी काळ्यानिळ्या नडग्या घेऊन, भिंत धरत, तुम्ही कामावर हजर. आणि प्रोफेसर? रात्रभर छान झोपले, सकाळी फिरून आले आणि मग आडवेच झाले. पडून राहिलं की बरं वाटतं, उठलं की डोकं फुटतं, असे नऊ दिवस. छताकडे बघता बघता त्यांचा संशय त्या गळून गेलेल्या पाण्यावर जातोय. वॉर्डातले पेशंट तोवर तुमच्या गळ्यात.