खाणीतला डबा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. लेकीकडे होतो, अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॉर्गनटाउनला. नातवाचं कॉलेज संपलं, त्याचा पदवीदान समारंभ झाला आणि दुसऱ्या दिवशी घरी पन्नासेक माणसं यायची होती. खायला काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी लेकीने ठरवलं, पेपरोनी रोल घरीच करायचे. साठ!

पेपरोनी म्हणजे डुकराच्या आणि गाईच्या मांसाचं लाल मिरचीची पूड घातलेलं, खारवून वाळवलेलं सॉसेज. (नातेवाईकांनी दचकू नये. मी खाल्लं नाही. माझ्यासाठी आणि दोन-तीन शाकाहारी मंडळींसाठी नुसत्या चीजचे आणि हिरव्या मिरचीचे वेगळे केले होते.) या सॉसेजच्या बोटभर लांबीच्या दोन कांड्या आणि चीजची एक पट्टी पावाच्या पिठात गुंडाळून भाजतात. भाजताना चरबी वितळते आणि पावात मुरते, म्हणून रोल मोडला की आत नारिंगी रंग दिसतो.

माझ्याकडे उंडे करायचं काम आलं. "बाबा, पुरणपोळीचा उंडा असतो ना, तसाच, फक्त लांबट," लेक म्हणाली. आता मी पुरणपोळ्या आयुष्यभर खाल्ल्या, पण उंडा कधी हातात धरला नव्हता! यीस्ट घालून फुगवलेलं मैद्याचं पीठ साठ-साठ ग्रॅम तोडायचं, हाताने थापायचं, सारण ठेवायचं, गुंडाळायचं आणि शिवण चिमटीने बंद करून खाली करायची. पुन्हा अर्धा तास फुगू द्यायचं, मग भट्टीत वीसेक मिनिटं. माझ्या पहिल्या खेपेच्या निम्म्या रोलांची शिवण सुटली आणि चीज ट्रेभर पसरलं. करंजीची कड सुटली की सारण तेलात उतरतं ना, अगदी तसं. जावई काही बोलले नाहीत, पण हसले.

हात कामात असले की तोंड मोकळं असतं. नातवाला सहज विचारलं, हे कुणी शोधून काढलं रे? तो म्हणाला, "आजोबा, फेअरमाँटच्या बेकरीने, १९२७ मध्ये. इथे सगळ्यांना माहीत आहे."

इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला "सगळ्यांना माहीत आहे" म्हटलं की खाज सुटते. समारंभाची गडबड संपल्यावर त्याला म्हटलं, चल, दाखव मला फेअरमाँट. गाडीने जेमतेम अर्धा तास.

नातवाने सांगितलं ते चूक नाही. जुझेप्पे आर्जिरो नावाचा गृहस्थ इटलीच्या कॅलाब्रियातून आला, आधी कोळशाच्या खाणीत राबला आणि १९२७ च्या सुमारास फेअरमाँटमध्ये त्याने बेकरी काढली. पुढे तिचं नाव कंट्री क्लब बेकरी झालं. खाणीतले इटालियन कामगार दुपारी एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात सॉसेजचा तुकडा धरून खायचे. ते पाहून त्याला सुचलं की सॉसेज पावाच्या आतच भाजलं तर? एक हात मोकळा राहतो, आणि वाळवलेलं मांस जमिनीखाली बर्फाशिवाय टिकतं. खाणकामगाराचा डबाही पाहण्यासारखा असे. गोल, पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, तळाच्या भागात पिण्याचं पाणी आणि वरच्या कप्प्यात जेवण. आपला पुडाचा डबाच की! आर्जिरोच्या रोलमध्ये चीज नव्हतं बरं का. ते नंतर आलं, आणि कांड्या घालायच्या की चकत्या यावरून तिकडे अजून वाद घालतात.

(जाता जाता, इटालियन भाषेत 'पेपेरोनी' म्हणजे भोपळी मिरची. सॉसेजला ते नाव अमेरिकेत पडलं. आणि मिरची मुळात अमेरिका खंडातलीच. ती इटलीत गेली आणि सॉसेजमध्ये बसून परत आली. तीच मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि तिथल्या चोरिसमध्ये गेली. चोरिस-पाव खाणाऱ्याला पेपरोनी रोल नवा वाटणार नाही.)

पण आर्जिरोला सुचायच्या आधी त्या माणसांच्या डब्यात पाव आणि सॉसेज ठेवत कोण होतं? पहाटे उठून पाव भाजणारी, थंडीत सॉसेज टांगून वाळवणारी कोणीतरी असणारच. बेकरीला नाव आहे, साल आहे. तिला नाही.

हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी फेअरमाँटजवळच्या मोनोंगा गावात गेलो. ६ डिसेंबर १९०७ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास इथल्या सहा आणि आठ नंबरच्या खाणींत स्फोट झाला. अधिकृत आकडा ३६२ मृतांचा, त्यात १७१ इटालियन. अमेरिकेच्या इतिहासात खाणीतला याहून मोठा अपघात नाही. हा आकडाही खात्रीचा नाही, कारण मजुरी भरलेल्या कोळशावर मिळायची आणि जास्त कोळसा भरावा म्हणून कामगार आपल्या पोराला नाहीतर भावाला बरोबर नेत. त्यांची नावं कंपनीच्या वहीत नसत.

ते जेवणाच्या सुट्टीच्या आधी गेले. म्हणजे त्या दिवशीचे डबे भरलेलेच असणार.

कातेरिना दाविया या बाईच्या नवऱ्याचं प्रेत सापडलंच नाही. त्यानंतर २९ वर्षं ती खाणीकडे जाऊन पोत्यातून कोळसा आणत राहिली आणि आपल्या घराशेजारी ओतत राहिली. चुलीत घातला नाही. नुसता ढीग केला. नवऱ्याच्या अंगावरचं ओझं तेवढंच कमी करते आहे, असं तिचं म्हणणं होतं. गावात आता खाणकामगारांच्या विधवांचा म्हणून एक संगमरवरी पुतळा आहे. फादर एव्हरेट ब्रिग्ज नावाच्या धर्मगुरूंनी त्यासाठी अनेक वर्षं धडपड केली. पुतळा उभा राहिला २००७ मध्ये, शंभर वर्षांनी. फादर २००६ च्या डिसेंबरमध्येच गेले.

मी चंद्रपूरला मास्तर होतो. वर्गात कोळसा खाणीतल्या कामगारांची मुलं असत. २७ डिसेंबर १९७५ ला तिकडे धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि साडेतीनशेहून अधिक माणसं बुडाली. तेव्हा माझी नोकरी नवीन होती. त्यानंतर शाळेत मी मुलांना त्याविषयी बोललो. खाण, कोळसा, राष्ट्रीयीकरण, सगळं सांगितलं. सकाळी बाबांना डबा कोणी दिला, हे एकाही मुलाला विचारलं नाही. तसं तर माझाही डबा बत्तीस वर्षं ही भरून देत होती. पहाटे किती वाजता उठायची, हे मला आज सांगता येत नाही, आणि आता विचारायला ती नाही.

असो. रोलची गोष्ट पुरी करतो. १९८७ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याने ठरवलं की रोलमध्ये मांस आहे, तेव्हा या बेकऱ्यांना मांसप्रक्रिया कारखान्यांचे नियम लावावेत. छोट्या बेकऱ्या त्यात मेल्या असत्या. सिनेटर जे रॉकफेलर मध्ये पडले आणि ते टळलं. रॉकफेलर म्हणजे तेच, तेलसम्राटाचे पणतू! खाणकामगाराच्या शिदोरीला असा वकील मिळावा, याची मला गंमत वाटली. २०२१ मध्ये तर विधिमंडळाने पेपरोनी रोलला अधिकृत राज्य-खाद्याचा मान दिला.

समारंभाला शेजारच्या एक आजी आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, इटालियन घराण्यातल्या. रोल मोडून त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाल्या, "चीज? आमच्या आईने कधी घातलं नाही." त्यांच्या घरी रोल बेकरीतून येत नसत, आईच करायची. वडील खाणीत होते.

मी आईचं नाव विचारलं. त्या जरा गोंधळल्या. मग मला नीट लिहिता येणार नाही म्हणून त्यांनी स्वतःच ते कागदी रुमालावर लिहून दिलं. तो रुमाल माझ्या डायरीत आहे. लेकीने मात्र बजावलंय, पुढच्या वेळीही चीज घालणार, आणि शिवणी ती स्वतः बंद करणार.